९७ गटांचं बहुमत: रोमचं सरकार नेमकं चालायचं कसं

रोमच्या प्रजासत्ताकात कॉन्सल, म्हणजे वर्षापुरत्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, व्हायचं असेल तर ९७ मतं पुरत. माणसांची नव्हे, गटांची. सगळे नागरिक १९३ गटांत वाटलेले, प्रत्येक गटाला एक मत, आणि ते मत कुणाला हे गटातल्या बहुमतावर ठरायचं. ९७ गट पदरात पडले की निकाल लागला. त्या गटांत माणसं किती आणि बाहेर किती राहिली, हा प्रश्न कुणी विचारतच नसे.

बडोद्यात रोमचा विषय निघाला की गाडी थेट पडझडीवर जाते. याला थोडं कारण इथलंच आहे. सयाजीराव महाराजांनी इंग्रज इतिहासकार गिबनचा रोमच्या ऱ्हासावरचा अवाढव्य ग्रंथ वाचून टिपणं काढली आणि ती १८९६ साली पुस्तक म्हणून छापली. राज्यं बुडतात कशी, याची काळजी संस्थानिकाला असणारच. पण बुडण्याआधी हे प्रजासत्ताक साडेचारशेहून अधिक वर्षं चाललं, तेही लेखी राज्यघटनेशिवाय. ते चाललं कसं, हे कळलं की बुडालं कसं हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून आज चालण्याबद्दल.

गटांची वाटणी मालमत्तेवर होती. रोमन इतिहासकार लिव्हीने दिलेले आकडे असे: १ लाख आस (तांब्याचं नाणं) किंवा जास्त मालमत्ता असलेले पहिल्या वर्गात, त्यांचे ८० गट. त्याखाली ७५ हजार, ५० हजार आणि २५ हजारांचे वर्ग, प्रत्येकी २० गट. ११ हजारवाल्या पाचव्या वर्गाला ३० गट. सगळ्यांच्या वर घोडदळाचे १८. शिवाय सुतार-लोहारांचे २, तुतारी-शिंगवाल्यांचे २, आणि ज्यांच्याकडे मोजण्यासारखं काहीच नाही अशा सगळ्यांचा मिळून एक. बेरीज १९३. आता घोडदळ आणि पहिला वर्ग मिळवा: १८ आणि ८०, म्हणजे ९८. श्रीमंतांचं एकमत झालं की बहुमत तिथेच पूर्ण. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोने लिहून ठेवलंय की खालच्या गटांपैकी एकेका गटात जवळजवळ अख्ख्या पहिल्या वर्गाहून जास्त माणसं होती.

ही लबाडी होती का? रोमनांना तसं वाटत नसे. ही मांडणी मुळात सैन्याची. परंपरा तिचं श्रेय सहावा राजा सर्व्हियस टुलियस याला देते. पहिल्या वर्गाने शिरस्त्राण, चिलखत, ढाल, भाला, तलवार असा सगळा सरंजाम स्वखर्चाने आणायचा. पाचव्या वर्गाने गोफण आणि दगड. ज्याचा खर्च जास्त आणि जो पहिल्या फळीत उभा राहणार, त्याचं वजन जास्त, असा त्यांचा सरळ हिशोब होता. मतदानही म्हणूनच शहराच्या पवित्र सीमेबाहेर, नदीकाठच्या मार्सच्या मैदानावर व्हायचं, कारण सैन्याने सीमेच्या आत जमायचं नाही. पलीकडच्या जानिक्युलम टेकडीवर लाल निशाण लावलेलं असे. ते उतरवलं की शत्रू आला असं समजून सभा बरखास्त. इ.स.पू. ६३ मध्ये राबिरियस नावाच्या सीनेटरवर खटला चालू होता आणि निकाल विरुद्ध जाणार असं दिसू लागलं, तेव्हा एका प्रेटरने (न्यायदान पाहणाऱ्या अधिकाऱ्याने) जाऊन ते निशाण खाली ओढलं. शत्रू कुठेच नव्हता, पण सभा संपली.

मतदानाचा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. कॉन्सलने आधी तारीख जाहीर करायची आणि मध्ये तीन बाजार जाऊ द्यायचे. बाजार दर आठव्या दिवशी भरे, म्हणजे खेड्यातल्या माणसाला बातमी कळून पायी यायला तीनेक आठवडे मिळत. त्या दिवशी पहाटे कॉन्सलने शकुन पाहायचे: पक्षी कुठून उडाले, वीज चमकली का. वीज चमकली तर त्या दिवशी मतदान नाही. शकुन ठीक असले की सगळ्यांना बोलावून उमेदवारांची नावं वाचायची, मग प्रत्येकाने आपापल्या गटाच्या कुंपणात जायचं. या कुंपणांना लोक मेंढवाडा म्हणत, आणि ती दिसतही तशीच. नंतर पहिल्या वर्गातला एक गट चिठ्ठी टाकून निवडायचा आणि त्याचं मत सर्वांत आधी घेऊन मोठ्याने जाहीर करायचं. चिठ्ठी देवाच्या मर्जीने निघते असं मानत, त्यामुळे या पहिल्या निकालालाही शकुनाचं वजन येई आणि काठावरचे लोक तिकडे झुकत. ही चिठ्ठीची पद्धत इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या सुधारणेनंतरची. त्याच सुधारणेत पहिल्या वर्गाचे गट ८० वरून ७० झाले, म्हणजे आता श्रीमंतांना दुसऱ्या वर्गातलेही काही गट वळवावे लागत.

मत देताना एका अरुंद लाकडी पुलावरून जावं लागे. जुन्या पद्धतीत पुलाच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला आपलं मत तोंडी सांगायचं आणि त्याने ठिपका मारायचा. आजूबाजूला उभे असलेले धनी, सावकार, सरदार सगळे ऐकत असत. इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकांसाठी गुप्त मतदानाचा कायदा झाला, १३७ मध्ये खटल्यांसाठी, १३१ मध्ये कायद्यांसाठी, आणि उरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यांसाठी १०७ मध्ये. आता मेण लावलेली लाकडी पाटी हातात मिळू लागली. निवडणुकीत उमेदवाराचं नाव कोरायचं. कायद्यासाठी ‘तुम्ही मागता तसं होवो’ किंवा ‘जुनंच राहो’ याचं एकेक अक्षर. पाटी उंच टोपलीत टाकायची. तरीही पुलावर उमेदवाराची माणसं घुसून पाट्यांत डोकावत, म्हणून इ.स.पू. ११९ मध्ये ट्रिब्यून (सामान्यांचा प्रतिनिधी) असताना मेरियसने, जो पुढे मोठा सेनापती झाला, पूलच अरुंद करायचा कायदा आणला. दोन माणसं शेजारी उभी राहूच शकणार नाहीत, इतका साधा उपाय. मला रोमन कायद्यांतला हा फार आवडता कायदा आहे.

मोजणी गटागटाने आणि वरून खाली. एखाद्या उमेदवाराचे ९७ गट झाले की तो निवडून आल्याचं तिथल्या तिथे जाहीर होई. दुसऱ्या जागेचे ९७ झाले की मतदान बंद. खालच्या वर्गांचा नंबर पुष्कळदा यायचाच नाही. त्यामुळे शेवटच्या त्या एका गटातला माणूस दिवसभर उन्हात उभा राहून मत न देताच घरी जाई. काय काय बिघडू शकायचं याची यादीही लांब आहे. सूर्य मावळेपर्यंत काम पुरं झालं नाही तर सगळं रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. जमावात कुणाला फेफरं आलं तर अपशकुन म्हणून सभा मोडायची. अध्यक्ष असलेला कॉन्सल एखाद्याचं नाव स्वीकारायलाच नकार देऊ शके. आणि लाच तर होतीच: पैसे गटागटांत पोचवणारे दलाल वेगळे, निकालापर्यंत रक्कम सांभाळून ठेवणारे वेगळे. लाचेविरुद्ध कायद्यावर कायदे झाले, यावरूनच ते किती पाळले गेले हे समजावं.

मत द्यायला रोमलाच यावं लागे, हीसुद्धा एक चाळणीच. इ.स.पू. ७०-६९ च्या जनगणनेत नागरिक पुरुषांचा आकडा सुमारे ९ लाख आहे. बायकांना मत नव्हतं. सिसिलीत किंवा पो नदीच्या खोऱ्यात राहणारा नागरिक मतासाठी आठवडाभर चालत येणार थोडाच?

कायदे करायला दुसरी सभा होती, तिथे विभाग मोजत. इ.स.पू. २४१ पर्यंत विभाग ३५ झाले आणि मग कायमचे तेवढेच राहिले: ४ शहरी, ३१ ग्रामीण. बहुमत १८ चं. इथे मालमत्ता मोजत नसत, म्हणून ही सभा जास्त लोकशाही वाटते. पण रोम शहरातली सगळी गर्दी त्या ४ विभागांत कोंबलेली, आणि मुक्त झालेले गुलामही बहुतेक त्यातच. ३१ ग्रामीण विभागांतून ज्यांना शहरात येणं परवडतं असे मूठभर जमीनदार आले, की ३१ मतं त्यांची.

या सगळ्या मांडणीच्या मागचं गाव कसं होतं तेही थोडक्यात पाहू. स्थापनेची तारीख २१ एप्रिल इ.स.पू. ७५३ ही नंतर वारो नावाच्या विद्वानाच्या हिशोबावरून रूढ झाली. रोम्युलस आणि लांडगीण ही कथा. जमिनीत मिळालं ते म्हणजे पॅलाटाइन टेकडीवरच्या झोपड्यांच्या खांबांची भोकं. जागा मात्र मोक्याची. टायबर नदीत एक बेट आहे, त्याच्या खाली नदी ओलांडणं सोपं. नदीच्या मुखाशी मिठागरं होती आणि तिथलं मीठ याच वाटेने डोंगरातल्या सबाइन लोकांकडे जाई. टेकड्यांच्या मधली दलदल, जिथे आधी लोक मुर्दे पुरत, ती इ.स.पू. सातव्या शतकात भराव घालून कोरडी केली आणि त्यावर खडी टाकली. तीच पुढची फोरमची, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाची, जागा. वस्ती लॅटिन, सबाइन आणि इट्रुस्कन यांची सरमिसळ. अक्षरंही ग्रीकांची, इट्रुस्कनांच्या हातून आलेली. कथेतला रोम्युलससुद्धा पळून आलेल्यांना, गुलामांना, कर्जबुडव्यांना आसरा देऊन गाव वसवतो. आपल्या पूर्वजांबद्दल असं उघड सांगणारी माणसं इतिहासात कमीच.

परंपरेप्रमाणे सात राजे झाले आणि इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटच्या टार्क्विनियसला हाकललं. पुढे जे केलं त्यात रोमची सगळी गोम आहे. राजाची सत्ता त्यांनी कमी केली नाही. ती दोघांना दिली, दोघांनाही पूर्ण दिली, आणि मुदत एक वर्ष ठेवली. एकाने ‘कर’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘नको’, तर नको. पुढे चालणारे १२ दंडधारी दोन्ही कॉन्सलना एकदम मिळत नसत. मान एका महिन्याला एकाचा, पुढच्या महिन्याला दुसऱ्याचा. शहरात दंडाच्या जुडीतून कुऱ्हाड काढून ठेवायची, कारण आत नागरिकाला मरणाची शिक्षा झाली तर त्याला लोकांकडे दाद मागता येत होती.

खालची सगळी पदं याच साच्यातली: एक वर्ष, आणि एकटा कुणी नाही. इ.स.पू. १८० च्या कायद्याने वयाच्या अटी आल्या. सेनापती आणि हुकूमशहा सुल्लाच्या काळापासूनची शिडी अशी: क्वेस्टर ३० व्या वर्षी, हे २० जण, खजिना आणि हिशोब यांच्याकडे. मग वाटल्यास एडाइल, एकूण ४ जण: रस्ते, बाजारातली मापं, धान्य, आणि लोकांसाठी खेळ. खेळांचा खर्च बराचसा पदरचा, त्यामुळे इथे लोक कर्जात बुडत आणि पुढे प्रांत मिळाला की तिथून वसूल करत. प्रेटर ३९ व्या वर्षी, ८ जण, न्यायदान. कॉन्सल ४२ व्या वर्षी, दोघे. कॉन्सलचं वर्ष आधी १५ मार्चला सुरू होई, इ.स.पू. १५३ मध्ये स्पेनमधल्या लढाईला सेनापती लवकर हवा होता म्हणून ते १ जानेवारीवर आणलं, आणि तिथेच राहिलं.

दर पाच वर्षांनी दोन सेन्सॉर निवडत, १८ महिन्यांसाठी. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने शपथेवर नाव, बापाचं नाव, विभाग, वय आणि मालमत्ता सांगायची. कोण कुठल्या गटात बसणार हे यावरूनच ठरायचं, म्हणजे अख्ख्या यंत्राची किल्ली इथे होती. सीनेटमधून नाव काढायचा अधिकारही सेन्सॉरांचा. इ.स.पू. २७५ मध्ये रुफिनस नावाच्या माणसाला त्यांनी काढलं. तो दोनदा कॉन्सल आणि एकदा हुकूमशहा राहिलेला. गुन्हा काय, तर घरात दहा पौंड चांदीची भांडी सापडली.

हुकूमशहा हे पदही कायदेशीर होतं. संकटात एकट्याच्या हाती सगळं द्यायचं, पण जास्तीत जास्त सहा महिने.

सगळ्यांत वेगळं पद मात्र ट्रिब्यूनचं. इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे सरदार घराण्यांबाहेरचे सगळे, शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. सैन्यात तेच होते, त्यामुळे लढणार कोण हा प्रश्न आला. तडजोड म्हणून त्यांना स्वतःचे ट्रिब्यून मिळाले, पुढे त्यांची संख्या १० झाली. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणारा शापित. त्याला कुणीही मारावं. ट्रिब्यूनने रात्री शहराबाहेर राहायचं नाही आणि घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, कारण दाद मागायला कुणीही येऊ शकतो. त्याच्याकडे सैन्य नाही, खजिना नाही. आहे तो फक्त नकार. पण तो कॉन्सललाही चालतो, सीनेटलाही, आणि दुसऱ्या ट्रिब्यूनलाही. पुढची दोनशे वर्षं प्लेबियनांनी एकेक दार उघडून घेतलं: इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा पाट्यांवर लिहिलेला कायदा, ४४५ मध्ये सरदार घराण्यांशी लग्नाची मोकळीक, ३६७ मध्ये कॉन्सलपद, ३२६ मध्ये कर्जापायी वेठीला धरण्याची बंदी, आणि २८७ मध्ये त्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांना बंधनकारक. पण या दारांतून आत गेले ते श्रीमंत प्लेबियन. त्यांनी जुन्या सरदारांशी सोयरिकी केल्या आणि नवा वरचा वर्ग तयार झाला.

सीनेटला कायदा करायचा अधिकार नव्हता, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. तिने फक्त सल्ला द्यायचा. पण कॉन्सल वर्षाने घरी जायचा आणि सीनेटर मरेपर्यंत राहायचा. खजिन्यातून पैसा सीनेट सोडणार, प्रांत कुणाला हे सीनेट ठरवणार. मग सल्ला मोडायची हिंमत कोण करणार? सदस्य आधी ३००, सुल्लाने ६०० केले, सीझरने ९०० पर्यंत नेले, पहिला सम्राट ऑगस्टसने परत ६०० वर आणले. बोलायचा क्रम पदाने: माजी कॉन्सल आधी. शेवटच्या बाकांवरच्यांना बोलायची पाळी येतच नसे. ज्याचं पटलं त्याच्या बाजूला चालत जाऊन उभं राहायचं, हेच त्यांचं मत. सूर्यास्तानंतर घेतलेला निर्णय बाद. मग अडवायचं असेल तर बोलत राहायचं. इ.स.पू. ६० मध्ये सीझर स्पेन जिंकून आला. विजयाची मिरवणूक हवी असेल तर शहराच्या सीमेबाहेर थांबणं भाग, आणि कॉन्सलच्या उमेदवारीसाठी स्वतः शहरात हजर राहणं भाग. त्याने गैरहजेरीत अर्ज भरायची सवलत मागितली. सीनेटर केटो उठला आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला. सीझरने मिरवणूक सोडली, शहरात आला आणि निवडून आला. केटोचा नियम बरोबर होता. माणूस मात्र त्याने कायमचा दुखावला.

सीनेटरने धंदा करायचा नाही असा समज होता. इ.स.पू. २१८ च्या कायद्याने ३०० रांजणांहून मोठं जहाज ठेवायला सीनेटरला बंदी केली. एक रांजण साधारण २६ लिटरचा. शेतातला माल बाजारात न्यायला तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. मग मुक्त केलेल्या गुलामांच्या नावावर जहाजं निघाली, हे वेगळं सांगायला नको.

घरात मात्र दोघांत वाटणी नव्हती. घराचा प्रमुख जिवंत आहे तोवर मुलगा, नातू, सगळे त्याच्या सत्तेखाली. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातला कर्ता डोळ्यांपुढे आणला तर फरक चटकन कळतो: मिताक्षरा कायद्यात मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा, रोममध्ये बाप मरेपर्यंत शून्य. पन्नाशीचा माणूस, कॉन्सल होऊन गेलेला, तरी कायद्याने त्याच्या मालकीचं काही नाही. बाप हातखर्चाला देईल तेवढ्यावर व्यवहार. लग्न झालेली मुलगीही बहुधा बापाच्याच सत्तेत राही, नवऱ्याच्या नव्हे. त्यामुळे नवऱ्याला तिच्या माहेरच्या मिळकतीला हात लावता येत नसे, आणि बाप गेल्यावर ती स्वतः मालकीण होई. व्यवहाराला एक पालक लागे, पण ऑगस्टसने तीन मुलं झालेल्या बाईला त्यातूनही सूट दिली. एवढं असून तिला स्वतःचं नावही धड नसे. ज्यूलियस घराण्यातल्या सगळ्या मुली ज्यूलिया. दोन असल्या तर थोरली, धाकटी, तिसरीला तिसरी.

गुलामगिरी क्रूर होती, खाणीतली तर भयंकर. पण एक गोष्ट तेव्हाच्या जगालाही नवल वाटण्यासारखी होती: रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम रोमन नागरिक होई. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लारिसा या गावाला लिहिलेलं पत्र दगडावर कोरलेलं आहे. त्यात तो म्हणतो, रोमनांकडे पाहा, ते गुलामांनाही नागरिक करतात, म्हणून वाढतात. मुक्तीवर किमतीच्या ५ टक्के कर. मुक्त झालेला माणूस मालकाचं नाव लावी. सिसेरोचा लेखनिक टिरो पुढे मार्कस टुलियस टिरो झाला. त्याला पदं मिळत नसत, मुलाला मिळू शकत. मृत्युपत्राने गुलाम मुक्त करण्याची हौस इतकी वाढली की इ.स.पू. २ मध्ये मर्यादा घातली: ३ ते १० गुलाम असतील तर निम्मे, ३० पर्यंत एक तृतीयांश, १०० पर्यंत पाव, त्यापुढे एक पंचमांश, आणि काही झालं तरी १०० च्या वर नाही.

मुक्त गुलाम जुन्या मालकाचा आश्रित होई, तसेच हजारो गरीब नागरिकही कुणा ना कुणाचे आश्रित. पहाटे धन्याच्या दारी हजेरी, त्याबदल्यात थोडे पैसे किंवा शिधा, कोर्टात मदत, आणि निवडणुकीत मत. पोलीस नाहीत, पगारी नोकरशाही जवळजवळ नाही. शहर या नात्यांवर चाले. गुप्त मतदानाने त्याला पहिला तडा गेला. दुसरा सरकारी धान्याने: इ.स.पू. १२३ मध्ये ट्रिब्यून गायस ग्रॅकसने स्वस्त दराने गहू सुरू केला, ५८ मध्ये क्लोडियसने फुकट केला. महिन्याला माणशी ५ मोदिउस, म्हणजे साधारण ३३ किलो. यादी ३ लाख २० हजारांवर गेली तेव्हा सीझरने ती दीड लाखावर आणली. गरिबाला धन्याकडे हात पसरायची गरज कमी झाली, तशी धन्याची पकडही सैल झाली.

तिसरा तडा सैन्यातून. इ.स.पू. १०७ मध्ये मेरियसने ज्यांच्याकडे काहीच नाही अशांना सैन्यात घेतलं, त्या शेवटच्या एका गटातल्या माणसांना. घरी परतायला शेत नाही, तर निवृत्तीनंतर जमीन कोण देणार? सीनेट देत नव्हती. सेनापती झगडून मिळवून देई. सैन्य आता सेनापतीचं आश्रित झालं. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून आला आणि त्याचे एक क्वेस्टर सोडून बाकीचे अधिकारी त्याला सोडून गेले. शिपाई गेले नाहीत.

नकाराचा नियमही तोवर खिळखिळा झाला होता. इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकसला सरकारी जमिनीवर माणशी ५०० युगेरा, म्हणजे सुमारे ३१० एकर, ही जुनी कमाल मर्यादा पुन्हा लागू करायची होती. दुसरा ट्रिब्यून ऑक्टेव्हियस याने नकार दिला. टायबेरियसने सभेचं मत घेऊन त्याला पदावरूनच काढलं. त्याचा हेतू चांगला होता असं मलाही वाटतं. पण नकार देणाऱ्याला काढता येतं हे एकदा दिसलं की नकाराला अर्थ राहत नाही. त्याच वर्षी सीनेटरांनी त्याला मोडक्या बाकांच्या पायांनी ठेचून मारलं, म्हणजे शापाचं भयही गेलं.

म्हणूनच ऑगस्टसला काही मोडावं लागलं नाही. तो दत्तक जाऊन सरदार घराण्यातला झाला होता, त्यामुळे ट्रिब्यून होणं त्याला शक्य नव्हतं. मग इ.स.पू. २३ मध्ये त्याने पद न घेता फक्त ट्रिब्यूनचा अधिकार घेतला, आयुष्यभरासाठी. त्याच वेळी दरसालचं कॉन्सलपद सोडून दिलं, पण सैन्य असलेले प्रांत आपल्याकडे ठेवले. इ.स.पू. १२ मध्ये मुख्य पुरोहितपद. एकमेकांना अडवण्यासाठी केलेली पदं जशीच्या तशी राहिली, नुसते अधिकार एका माणसापाशी गोळा झाले. मतदानासाठी सीझरने सुरू केलेली संगमरवरी इमारत, सुमारे ३०० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद, इ.स.पू. २६ मध्ये ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पाने पुरी केली. इ.स. १४ मध्ये टायबेरियस सम्राटाने निवडणुका सभेकडून काढून सीनेटकडे दिल्या. इमारतीत ग्लॅडिएटरांचे खेळ झाले, नंतर दुकानं आली. मार्शल हा कवी तिथल्या एका गिऱ्हाइकाची टर उडवतो: हस्तिदंत बघतो, काचेची भांडी बघतो, प्रत्येक दुकानात अस्सल पट्टेदार अकीक विचारतो, आणि दोन स्वस्त पेले घेऊन घरी जातो.

तो अकीक पुष्कळदा आपल्याच वाटेने गेलेला. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी वर्णनात भडोच आहे, बडोद्याहून ७०-७५ किलोमीटर. तो सांगतो, भडोचला पैठणहून गाड्यांवर लादून गोमेद-अकीक येतो, वाट वीस दिवसांची. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तेर, तिथून जाडंभरडं कापड. उज्जैनहूनही दगड आणि मलमल. नर्मदेच्या मुखातली भरती इतकी भयानक की राजाचे नाखवे मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्रापर्यंत पुढे येत आणि जहाजांना ओढून आत नेत. उलट येणारा माल: इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, आणि रोमन सोन्या-चांदीची नाणी, जी इथल्या नाण्यांशी बदलली की फायदा होई. अकोट्याच्या उत्खननात इरॉसची आकृती असलेली सुरईची काशाची मूठ मिळाली, तीही रोमन. अकोटा म्हणजे दांडिया बाजारातून पूल ओलांडला की लागतो तोच.

रोमन लेखक प्लिनीने हिशोब मांडलाय: हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) घेऊन जातो. ऑगस्टसच्या नियमाने सीनेटर व्हायला किमान मालमत्ता १० लाख सेस्टर्स लागे, म्हणजे दर वर्षी पन्नास सीनेटरांची किमान मिळकत. इ.स. २२ मध्ये टायबेरियसने सीनेटला पत्र लिहून हीच तक्रार केली: बायकांच्या हिऱ्या-माणकांपायी आपला पैसा परक्यांकडे जातो. उधळपट्टीवर कायदा करायला मात्र त्याने नकार दिला. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर २५ टक्के जकात होती, आणि ती त्याच्याच तिजोरीत जमा होत होती.